रॉटनरोची भिंत

चित्र आकाराने फार मोठं नाही. आपल्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर सहज मावेल. नाव आहे ‘चिल्ड्रन अँड चॉक्ड वॉल ३’, म्हणजे ‘मुलं आणि खडूने रंगवलेली भिंत, क्रमांक ३’. काढलं १९६२-६३ साली, जोन अर्डली या चित्रकर्तीने. ते स्कॉटलंडच्या नॅशनल गॅलरीजच्या संग्रहात आहे. चित्रात दोन मुलं आहेत, त्यांच्या मागे अगदी लागून एक लालसर भिंत, आणि भिंतीवर खडूची अक्षरं आणि रेघोट्या. शहराचं चित्र म्हटलं की उंच इमारती, पूल, दिवे, गर्दी असं काहीतरी आपल्या डोळ्यांसमोर येतं. त्यातलं इथे काही नाही. तरीसुद्धा मी त्याला शहराचंच चित्र म्हणणार आहे, आणि तसं का म्हणते ते सांगण्यासाठी हा लेख.

“तुला चित्रातलं काय कळतं?” हा प्रश्न आमच्या घरात आधीच विचारून झाला आहे. फारसं नाही. शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा, त्यातही इंटरमिजिएटला सी ग्रेड, एवढी माझी एकूण पात्रता. पण मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि भिंतींशी माझा रोजचा संबंध येतो. शिवाय, ही भिंत ज्या वस्तीत होती त्या वस्तीच्या टेकडीवर मी माझ्या आयुष्यातलं एक वर्ष काढलेलं आहे.

२००४ साली मी पुण्याहून एम.एस्सी.साठी ग्लासगोला, स्ट्रॅथक्लाइड युनिव्हर्सिटीत आले. आमच्या सिव्हिल डिपार्टमेंटचा पत्ता होता १०७, रॉटनरो. ॲडमिशनचं पत्र वाचून बाबांनी चष्मा वर केला. “रॉटन? वस्ती बरी आहे ना गं?” रॉटनरो हे नाव मध्ययुगापासून चालत आलेलं आहे आणि त्याच्या उगमाबद्दल अभ्यासकांची अनेक मतं आहेत, हे सांगून त्यांचं समाधान झालं नाही. वस्ती अर्थातच बरी होती, कारण वस्ती अशी तिथे नव्हतीच. होत्या त्या युनिव्हर्सिटीच्या इमारती, काँक्रीटच्या पायऱ्या, गुडघ्यांची परीक्षा पाहणारा चढ, आणि नुकतीच तयार झालेली एक बाग. बागेत जॉर्ज वायली या शिल्पकाराने केलेली पोलादी लंगोटाची पिन उभी आहे, माणसापेक्षा कितीतरी उंच. तिथे पूर्वी ग्लासगोचं मोठं प्रसूतिगृह होतं, ते २००१ साली बंद झालं, त्याची ही आठवण. आम्ही भारतीय विद्यार्थी भेटायची जागा ठरवताना “पिनेपाशी ये” असंच म्हणायचो.

या टेकडीवर आणि तिच्या उत्तरेला एके काळी टाउनहेड नावाची दाट वस्ती होती. ती गेली कुठे, हे समजायला मला एडिंबरोच्या गॅलरीतल्या या चित्रासमोर उभं राहावं लागलं.

आधी वस्तीबद्दल सांगते. ग्लासगोचं कॅथीड्रल एका बाजूला आणि मंकलंड कालवा दुसऱ्या बाजूला, त्यांच्यामध्ये टाउनहेड. थोडं उत्तरेला गेलं की सेंट रोलॉक्सचे रेल्वे कारखाने, आणि त्याच्या पुढे स्प्रिंगबर्न. या स्प्रिंगबर्नशी आपलाही संबंध आहे. १९०३ साली स्थापन झालेल्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने तिथे बांधलेली शेकडो वाफेची इंजिनं भारतात आली. ती कंपनी १९६२ साली बंद पडली, म्हणजे ज्या हिवाळ्यात अर्डली ही भिंत रंगवत होती त्याच सुमाराला. शहराच्या पायाखालची जमीन सरकायला लागली होती.

कामगार राहायचे टेनेमेंटमध्ये. टेनेमेंट म्हणजे चाळ, असं पटकन म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं, पण थोडा फरक आहे. चाळीला बाहेरून सलग गॅलरी असते, सगळ्यांची दारं तिच्यावर उघडतात, कुणाकडे कोण आलं ते अख्ख्या मजल्याला कळतं. ग्लासगोचं टेनेमेंट म्हणजे तीन-चार मजली दगडी इमारत. रस्त्यावरून आत शिरायला बोळासारखा सामाईक मार्ग, त्याला तिथे ‘क्लोज’ म्हणतात. त्यातून वर दगडी जिना, आणि जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडं. अर्ध्या जिन्यावर सामाईक संडास. मागे चौक, तिथे धुण्याची खोली आणि कचऱ्याची जागा. एका खोलीच्या बिऱ्हाडाला ‘सिंगल एंड’ म्हणायचे, आणि त्याच्या वरच्या पायरीला ‘रूम अँड किचन’. आपल्याकडची ‘एक खोली’ आणि ‘डबल रूम’ आठवते ना? स्वयंपाकघराच्या भिंतीत खोल कोनाडा ठेवलेला असायचा, त्यात पलंग. आई-वडील तिथे, मुलं जागा मिळेल तिथे.

१९५१ च्या जनगणनेत ग्लासगोची लोकसंख्या दहा लाखांच्या वर होती आणि शहरातली सुमारे निम्मी घरं एका किंवा दोन खोल्यांची होती. घरात जागा नाही म्हटल्यावर मुलं दिवसभर रस्त्यावर. रस्ता आणि भिंत हीच त्यांची बैठकीची खोली, आणि खडू हे सगळ्यात स्वस्त खेळणं. फरशीवर चौकोन आखून बुटाच्या पॉलिशची रिकामी डबी पायाने ढकलत नेण्याचा खेळ चालायचा, त्याला ‘पीव्हर’ म्हणत. आपली ठिकरी, दुसरं काय!

अशा ठिकाणी जोन अर्डली आली, ती बाहेरून. जन्म १८ मे १९२१, दक्षिण इंग्लंडमधल्या ससेक्सच्या वॉर्नहॅम गावी, एका डेअरी फार्मवर. वडील पहिल्या महायुद्धात विषारी वायूने पोळलेले, मनाने खचलेले. जोन आठेक वर्षांची असताना, १९२९ मध्ये, त्यांनी आत्महत्या केली. आई स्कॉटिश. ती दोन मुलींना घेऊन लंडनमध्ये ब्लॅकहीथला आपल्या आईकडे राहिली, आणि दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर सगळे ग्लासगोजवळ बेअर्सडेनला आले. बेअर्सडेन म्हणजे सुखवस्तू उपनगर. १९४० साली जोनने ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. १९४३ साली डिप्लोमा मिळवताना तिच्या आत्मचित्राला बक्षीस मिळालं. युद्धाच्या काळात तिने काही दिवस एका सुताराकडे उमेदवारीही केली. मला ही गोष्ट फार आवडते. हाताने लाकूड रंधलेल्या माणसाला पृष्ठभाग कळतो, आणि तिच्या चित्रांचे पृष्ठभाग पाहताना ते जाणवतं.

पुढे स्कॉलरशिप मिळून १९४८-४९ मध्ये ती इटलीत हिंडली. इतर विद्यार्थी असतात तशी तीही जुन्या आचार्यांची भित्तिचित्रं पाहायला गेली आणि पाहून आलीही, पण स्केचबुकात रस्त्यावरची गरीब माणसंही भरपूर काढली. परत आल्यावर ग्लासगोच्या मध्यवस्तीत स्टुडिओ घेतला, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला टाउनहेडमध्ये २०४, सेंट जेम्स रोडवर आली. जागा वरच्या मजल्यावर, पूर्वी एका फोटोग्राफरचा स्टुडिओ होता. छपरातून उजेड यायचा, बाकी सुखसोयींच्या नावाने आनंद.

तिथे मुलांनी तिला शोधून काढलं. जवळपास राहणाऱ्या एका कुटुंबात बारा भावंडं होती. ती आळीपाळीने जिना चढून यायची, दार वाजवायची, आत येऊन बसायची. बदल्यात चार पैसे किंवा गोळ्या मिळायच्या, वाचायला कॉमिक्स असायची. मुलं काही पुतळ्यासारखी बसणारी नव्हती. बडबड करायची, भांडायची, काल काय झालं ते सांगायची, आणि अर्डली त्या गोंधळातच भराभर काढत राहायची. बाहेर पडली की मुलाच्या जुन्या बाबागाडीत रंग, कागद, ईझल असं सगळं सामान घालून ती गाडी ढकलत टाउनहेडच्या गल्ल्यांतून हिंडायची. कोपऱ्यावर थांबायचं, खडूने चित्र काढायचं. विषय कागदाच्या बाहेर जायला लागला तर शेजारी दुसरा तुकडा चिकटवायचा आणि पुढे जायचं. कधीकधी कागदाऐवजी पॉलिशपेपर घ्यायची. त्याच्या खरखरीत अंगावर पेस्टलचा खडू घट्ट बसतो.

बेअर्सडेनहून आलेली, इंग्लंडमध्ये वाढलेली, कॉलेजात शिकलेली बाई गरिबांच्या मुलांची चित्रं काढते, हे कितपत योग्य, असं कुणी विचारेल. मीही विचारलं होतं. गरिबीचे फोटो काढून नेणाऱ्या पाहुण्यांबद्दल आपल्याला भारतात आणि भारताबाहेर पुरेसा वीट आलेला आहे. अर्डलीच्या बाजूने मी दोन गोष्टी सांगेन. एक, ती आली आणि गेली असं झालं नाही. शेवटच्या वर्षापर्यंत हा स्टुडिओ तिने सोडला नाही, आणि तीच मुलं मोठी होताना वर्षानुवर्षं काढली. दुसरी, तिच्या चित्रातली मुलं तुमच्याकडे काही मागत नाहीत. तिरळी आहेत, शेंबडी आहेत, थोरल्याचा कोट धाकट्याच्या अंगात आहे. ती आपल्याच नादात आहेत. कॉमिक वाचताहेत, धाकट्याला कडेवर घेऊन उभी आहेत, सिनेमाच्या रांगेत आहेत. आपण बघत आहोत की नाही याचं त्यांना सुतक नाही.

आता भिंतीकडे येते. या चित्राच्या साहित्यात तैलरंगाबरोबर वर्तमानपत्र आणि चकचकीत धातूचा कागद अशी नोंद आहे. म्हणजे गोळ्या-चॉकलेटांची चांदी. मुलांच्या हातातून जे रस्त्यावर पडत होतं ते तिने उचलून कॅनव्हासवर चिकटवलं आणि त्यावर रंग चढवला. शेवटच्या काही वर्षांत तिच्या ग्लासगोच्या चित्रांत हे वाढत गेलं. छापील अक्षरं, खडूची अक्षरं, दुकानाच्या पाट्यांवरची असावीत तशी स्टेन्सिलची अक्षरं. रॉटनरोवरच्या गोळ्यांच्या दुकानाचंही तिचं एक चित्र आहे, १९६०-६१ चं. आमच्या डिपार्टमेंटच्याच रस्त्यावरचं! दुकान अर्थातच आता नाही.

टाउनहेडचे दगड त्या काळी कोळशाच्या धुराने काळेठिक्कर पडलेले होते. स्वच्छ हवेचा कायदा ब्रिटनमध्ये १९५६ साली आला, पण शंभर वर्षांची काजळी कायद्याने एका रात्रीत धुतली जात नाही. मग चित्रातली भिंत एवढी पेटल्यासारखी का? याच प्रश्नापाशी एक्स्प्रेशनिझम, आपल्याकडे ज्याला अभिव्यक्तिवाद म्हणतात तो येतो. डोळ्यांना जे दिसतं त्याचा हिशेब चोख ठेवण्यापेक्षा, ते पाहताना आत काय झालं ते रंगाच्या जोराने सांगायचं. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला जर्मन चित्रकार किर्शनरने बर्लिनचे रस्ते असे काढले, टोकदार, हिरवट, अंगावर येणारे. अर्डली टाउनहेडमध्ये असताना लंडनमध्ये आपल्या गोव्याचा फ्रान्सिस न्यूटन सूझाही जाड काळ्या रेघांनी शहरं आणि माणसं काढत होता, आणि १९५५ च्या त्याच्या प्रदर्शनाने लंडनमध्ये त्याचं नाव झालं. या दोघांच्या शहरात भीती आहे, राग आहे. अर्डलीचं शहर वेगळं आहे. तिची भिंत ऊबदार आहे. मुलं तिला टेकलेली आहेत आणि त्यांचे रंग भिंतीच्या रंगात मिसळले आहेत. मुलगा कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली हे काही जागी बोट ठेवून सांगता येत नाही. पार्श्वभूमी म्हणतात ना, तशी ती मागे राहतच नाही. म्हणून मी याला शहराचं चित्र म्हणते. शहर म्हणजे त्या मुलांपुरतं हेच होतं, पाठीला लागलेली ही भिंत.

एका मुलाखतीत तिने टाउनहेडबद्दल साधारण असं सांगितलं होतं की ही एक जिवंत वस्तू आहे, ग्लासगोकडे ही श्रीमंती आहे तोपर्यंत मला चित्रं काढावीशी वाटतील. श्रीमंती! शहराच्या कागदपत्रांत याच वस्तीबद्दल नेमका उलटा शब्द होता.

ती कागदपत्रं तयार करणारे माझ्याच पेशातले लोक होते, त्यामुळे इथे जरा थांबते. १९४५ साली ग्लासगो कॉर्पोरेशनचे इंजिनिअर रॉबर्ट ब्रूस यांनी शहराच्या पुनर्रचनेचा एक आराखडा मांडला. धाडस पाहावं तर ते! मध्यवस्तीचा मोठा भाग पाडून नवा बांधायचा होता. पाडायच्या यादीत सेंट्रल स्टेशन, शहराची सिटी चेंबर्स आणि चार्ल्स रेनी मॅकिंटॉशने बांधलेली स्कूल ऑफ आर्टची इमारतही होती, जिथे अर्डली नुकतीच शिकून बाहेर पडली होती. तो आराखडा जसाच्या तसा अमलात आला नाही. (मॅकिंटॉशची इमारत पुढे २०१४ आणि २०१८ मध्ये आगीने गेली, ती वेगळीच शोकांतिका.) पण त्यातला विचार मागे उरला. १९५७ मध्ये कॉर्पोरेशनने शहराचे २९ भाग पूर्ण पुनर्विकासासाठी मुक्रर केले. टाउनहेड त्यात होतं. सोबत शहराभोवती मोटरवेचं कडं आखलं होतं, त्याचा उत्तरेचा भाग थेट टाउनहेडमधून गेला. १९६८ मध्ये टाउनहेडची मोठी गुंतागुंतीची चौफुली वाहतुकीला खुली झाली. कालवा बुजवून त्याच्या वाटेने एम-८ पुढे नेला. १९६४ साली स्ट्रॅथक्लाइडला युनिव्हर्सिटीची सनद मिळाली आणि टेकडीवरच्या मोकळ्या झालेल्या जागेत ती वाढत गेली. अर्डलीचा स्टुडिओही पाडापाडीत गेला.

माणसं कुठे गेली? ग्लासगोभर अशा वस्त्यांतली कुटुंबं शहराच्या कडेला बांधलेल्या ड्रमचॅपल, ईस्टरहाउस, कॅसलमिल्कसारख्या वसाहतींत आणि उंच टॉवरांत विखुरली गेली. घरात बाथरूम आलं, गरम पाणी आलं, मुलांना स्वतंत्र खोली मिळाली. ज्या आईने दहा वर्षं अर्ध्या जिन्यावरच्या संडासाबाहेर रांग लावली तिला जाऊन विचारा, ती जुन्या भिंतीसाठी रडली का म्हणून. पण दुकानं, दवाखाने, शेजार यांची सोय मागाहून करू म्हणून राहून गेली, आणि त्याचा त्रास पुढे दोन पिढ्यांना झाला. टेनेमेंटमध्ये मूल खाली चौकात खेळत असलं की आई वरच्या खिडकीतून जॅम लावलेला पाव कागदात गुंडाळून खाली टाकायची. १९६० च्या दशकात ॲडम मॅकनॉटन या ग्लासगोच्या गायकाने यावर एक विनोदी गाणं रचलं, की विसाव्या मजल्यावरून टाकलेला पाव काही पोरापर्यंत पोचत नाही. ग्लासगोची म्हातारी माणसं ते अजून म्हणतात. आमच्या पेशातल्या जाडजूड रिपोर्टांपेक्षा त्या गाण्यात जास्त माहिती आहे असं माझं मत आहे.

शहराच्या उत्तरेला रेड रोडचे आठ टॉवर १९६० च्या दशकात उभे राहिले, त्यातले काही ३१ मजली. शेवटचे २०१५ साली स्फोटाने पाडले. पन्नास वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. त्यांनी ज्यांची जागा घेतली ती टेनेमेंट्स साधारण त्याच्या दुप्पट वर्षं उभी होती, आणि ग्लासगोत अशी हजारो आजही उभी आहेत.

ती कशी वाचली, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गोव्हन भागात ‘असिस्ट’ नावाच्या एका गटाने टेनेमेंट न पाडता दुरुस्त करायचा प्रयोग केला. रहिवाशांना हलवायचं नाही, त्यांना विचारून, एकेक जिना घेऊन काम करायचं. बाथरूम कुठे बसवायचं हा मोठा प्रश्न. त्यांचं उत्तर इतकं साधं आहे की इंजिनिअर म्हणून मला हेवा वाटतो. स्वयंपाकघरातला तो पलंगाचा कोनाडा! तिथे बाथरूम बसवलं. भिंती मुळातच दोन-दोन फुटी दगडाच्या, त्यांना काहीही झालेलं नव्हतं. दोष होता गर्दीत, गळक्या छपरात आणि नसलेल्या नळात. आणि हा ‘असिस्ट’ गट निघाला कुठून, तर स्ट्रॅथक्लाइड युनिव्हर्सिटीच्या आर्किटेक्चर विभागातून. म्हणजे टाउनहेड साफ करून जी युनिव्हर्सिटी वाढली तिथल्याच लोकांनी दाखवून दिलं की साफ न करताही चाललं असतं. निदान काही ठिकाणी तरी. टाउनहेडची प्रत्येक इमारत वाचवण्यासारखी होती असं मी म्हणणार नाही. काही खरोखरच राहण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. पण प्रत्येक इमारत जिना चढून तपासली गेली होती का, की नकाशावर रेघ मारताना सगळ्याच तिच्या आत आल्या, हा प्रश्न उरतो.

हा प्रश्न मला नुसता ग्लासगोपुरता पडत नाही. माझं आजोळ लालबागच्या चाळीतलं. काही वर्षांपूर्वी मामाचा फोन आला, “अगं, बिल्डरची मीटिंग आहे. तू इंजिनिअर ना, तूच सांग, सही करू का?” मी ड्रॉइंग्ज मागवली, पाहिली, गळणारं छप्पर आणि गंजलेल्या तुळया मला माहीतच होत्या. “कर सही” म्हटलं. आजही तेच म्हणेन. मामी पंच्याहत्तरीची आहे, तिला घरात संडास हवा, यात चर्चा कसली? पण मी त्यांना आणखी काही प्रश्न विचारायला लावले. गॅलरी जाऊन तिथे काय येणार? एका मजल्यावर किती दारं समोरासमोर उघडतात? मुलं खेळतील कुठे? खाली पोडियमवर गाड्या आणि वर क्लबहाउस, हे उत्तर बिल्डरकडून आलं. मामाने मीटिंगमध्ये उभं राहून पुन्हा विचारलं, की क्लबहाउसला फी असेल का. याचं लेखी उत्तर मिळायला चार महिने लागले. अर्डलीचं चित्र मी पाहिलं नसतं तर हे प्रश्न मला सुचले नसते. इंजिनिअरिंगच्या कुठल्याही फॉर्ममध्ये त्यांचा रकाना नाही.

अर्डलीचं अर्धं आयुष्य दुसरीकडेही होतं. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, स्टोनहेवनच्या दक्षिणेला, कॅटरलाइन नावाचं कोळ्यांचं खेडं आहे. १९५० मध्ये ते तिच्या पाहण्यात आलं आणि मग ती ग्लासगो आणि कॅटरलाइन अशी ये-जा करत राहिली. वादळ आलं की लोक घरात शिरत, ही समुद्रावर ईझल दोरीने बांधून उभी. त्या समुद्राच्या चित्रांत तिने वाळू आणि गवतसुद्धा रंगात कालवलं. टाउनहेडमध्ये गोळ्यांचे कागद, कॅटरलाइनला गवत, जागेचा तुकडा चित्रात यायलाच हवा असा तिचा हट्ट दिसतो. समुद्रावर लिहायचं तर दुसरा लेख लागेल.

१९६३ साली तिला रॉयल स्कॉटिश अकॅडमीचं पूर्ण सदस्यत्व मिळालं, लंडनच्या रोलंड, ब्राऊझ अँड डेलबँको गॅलरीत प्रदर्शन झालं, आणि त्याच वर्षी १६ ऑगस्टला स्तनाच्या कॅन्सरने ती गेली. वय ४२. अस्थी कॅटरलाइनच्या किनाऱ्यावर विखुरल्या. टाउनहेडमधली मोठी पाडापाडी तिने फार पाहिली नाही. भिंतीच्या चित्रांवर ‘२’, ‘३’ असे क्रमांक आहेत, म्हणजे एकाच भिंतीपाशी ती पुन्हापुन्हा जात होती. आजूबाजूला काय येऊ घातलंय हे तिला कळलं असणार, असं मला वाटतं. शेवटच्या चित्रांत एक घाई आहे. अक्षरं, कागद, चांदी, जे हाताला लागेल ते त्यात घेऊन ठेवल्यासारखं.

आता थोडं कामाचं. उन्हाळ्यात भारतातून पाहुणे आले की आपली स्कॉटलंडची ट्रिप ठरलेली असते. एडिंबरोचा किल्ला, लॉख नेस, आणि वाटेत ग्लासगोला करी. यंदा ग्लासगोत अर्धा दिवस जास्त ठेवा. केल्व्हिनग्रोव्ह म्युझियमच्या संग्रहात अर्डलीची चित्रं आहेत आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. एडिंबरोच्या नॅशनल गॅलरीजमध्येही नेहमीचा संग्रह फुकट पाहता येतो. मात्र चित्रं आलटून पालटून भिंतीवर येतात, तेव्हा ‘चॉक्ड वॉल’ पाहायचंच असेल तर निघण्यापूर्वी फोन करून विचारा. टेनेमेंट आतून पाहायचं असेल तर ग्लासगोत बक्ल्यू स्ट्रीटवर नॅशनल ट्रस्टने एक घर जसंच्या तसं जपलं आहे, ‘टेनेमेंट हाउस’ म्हणून. टाउनहेडपेक्षा बऱ्या परिस्थितीतलं बिऱ्हाड आहे ते, पण पलंगाचा कोनाडा तिथे दिसतो. आजी-आजोबांना जरूर न्या, ते आपल्याला चार गोष्टी जास्त सांगतील. आणि पाय दुखत नसतील तर क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून दहा-पंधरा मिनिटांत रॉटनरोच्या बागेत पोचाल. चढ आहे, बाबागाडी असेल तर माँट्रोझ स्ट्रीटच्या बाजूने जाऊ नका. पिनेपाशी उभं राहून उत्तरेला पाहिलं की युनिव्हर्सिटीच्या इमारतींच्या पलीकडून मोटरवेचा आवाज येतो. सेंट जेम्स रोड त्याच बाजूला आहे.